दारू आणि दारूगोळा : आयर्न मॅनची दोन रूपे

मराठीत 'दारू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दारू पेल्यात ओतली जाते, दुसरी तोफेत भरली जाते. पहिली पिणाऱ्याचे स्वतःचे घर जाळते, दुसरी लांबच्या कोणाचे तरी घर जाळते. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चित्रकथेच्या नायकाला या दोन्हींनी घेरले आहे. छापील पुस्तकात त्याला पहिल्या दारूने लोळवले. चित्रपट आला तेव्हा पहिली हळूच बाजूला सरकवली गेली आणि दुसरी पुढे आणली गेली. एका दोषाच्या जागी दुसरा दोष असा हा बदल आहे. तो का झाला आणि त्यात काय मिळाले, काय हरवले, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

या नायकाचे नाव आयर्न मॅन, म्हणजे लोखंडी माणूस. घरातल्या मुलांना विचारा, ती तुम्हाला त्याची सारी कुंडली सांगतील. दप्तरावर, कंपासपेटीवर, बाजारातल्या प्लास्टिकच्या मुखवट्यावर त्याचा लाल-सोनेरी चेहरा असतो. त्याचे चित्रपट हिंदीत डब होऊन आपल्याकडे आले आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागले. २०१९ साली आलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने एकट्या भारतात ३०० कोटी रुपयांहून अधिक धंदा केला. त्यात आयर्न मॅन मरतो तेव्हा चित्रपटगृहात मुले रडली, आणि मुलांना सोबत घेऊन गेलेली मोठी माणसेही गप्प झाली.

आधीच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला, सुपरमॅन पाहिला. ते नायक जवळजवळ निर्दोष होते. त्यांचे शत्रू बाहेर असत. आयर्न मॅनचा पहिला शत्रू त्याच्याच अंगात आहे. त्याची दखल आम्हाला घ्यावीशी वाटते ती याचसाठी. चुका करणारा नायक मुलांना लवकर आपलासा वाटतो. म्हणून तो आपली चूक कशी निस्तरतो, याकडे आईबापांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

नावडता नायक

आयर्न मॅन पहिल्यांदा छापला गेला १९६३ साली, 'टेल्स ऑफ सस्पेन्स' या मासिकाच्या ३९ व्या अंकात. कथेची कल्पना स्टॅन ली यांची, लेखन त्यांचे धाकटे बंधू लॅरी लिबर यांचे आणि चित्रे डॉन हेक यांची. मुखपृष्ठ जॅक कर्बी यांनी काढले होते. स्टॅन ली पुढे सांगत असत की हा नायक म्हणजे त्यांनी स्वतःशीच लावलेली पैज होती. त्या काळच्या तरुणांना युद्धाचा आणि शस्त्रांच्या व्यापाराचा तिटकारा येऊ लागला होता. अशा वाचकांपुढे गर्भश्रीमंत, चैनी आणि लष्कराला शस्त्रे पुरवणारा कारखानदार नायक म्हणून उभा करायचा आणि तो त्यांना आवडायला लावायचा, ही ती पैज.

या कारखानदाराचे नाव टोनी स्टार्क. आपल्या शस्त्रांची चाचणी पाहायला तो व्हिएतनामला जातो. जंगलात सुरुंग फुटतो, लोखंडाचे तुकडे हृदयाजवळ रुततात आणि तो शत्रूच्या हाती सापडतो. कैदेत यिन्सेन नावाचा वयोवृद्ध शास्त्रज्ञ त्याला भेटतो. दोघे मिळून एक चिलखत घडवतात. ते चिलखत हृदय चालू ठेवते आणि लढायलाही उपयोगी पडते. टोनीला वेळ मिळावा म्हणून यिन्सेन स्वतःचा जीव देतो.

कथेचा पाया मजबूत होता, पण तिच्यात एक मोठी खोट होती. सुरुवातीच्या काळात टोनीला शस्त्रविक्रीची खंत वाटत नव्हती. व्हिएतनामी आणि चिनी माणसे क्रूर आणि विद्रूप रंगवली जात. १९६४ साली आलेला मँडरिन हा खलनायक तर आशियाई माणसाबद्दलच्या गोऱ्या भीतीचे बुजगावणे होता. वर टोनी आयर्न मॅन असल्याचे जगापासून लपवत असे. आयर्न मॅन हा आपला पगारी अंगरक्षक आहे, असे तो सांगत फिरे. मालकाने स्वतःच आपला नोकर बनून हिंडावे, असा तो प्रकार होता.

आरशातला चेहरा

१९७९ साली या कथेला नवे वळण मिळाले. डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांनी लिहिलेली आणि जॉन रोमिटा ज्युनियर यांनी मुख्यतः रेखाटलेली 'डेमन इन अ बॉटल', म्हणजे 'बाटलीतला सैतान', ही कथामाला त्या वर्षी आली. शेवटच्या अंकाचे मुखपृष्ठ आजही ओळखले जाते. अंगात चिलखत आहे, डोक्यावर शिरस्त्राण नाही, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. टोनी आरशात स्वतःकडे पाहतो आहे आणि समोर बाटली उभी आहे.

कथा साधी आहे. टोनीच्या कंपनीवर दुसऱ्यांचा डोळा आहे. एका प्रतिस्पर्ध्याने त्याच्या चिलखताचा ताबा मिळवून त्याच्या हातून एका परदेशी राजदूताचा खून घडवला आहे. टोनी त्या दुःखावर दारूचा उतारा शोधतो. नशेत चिलखत चढवून तो एका रेल्वे अपघाताच्या जागी मदतीला धावतो. विषारी वायूने भरलेली टाकी त्याच्या हातून निसटते आणि वायू पसरतो. मदत करायला गेलेला माणूस संकट वाढवून परत येतो. पिणारा माणूस ज्या घरात आहे त्या घराला हे नवे वाटणार नाही.

पण आमच्या मते या कथेतला सर्वात मोलाचा प्रसंग लढाईचा नाही. टोनीच्या घरी जार्व्हिस नावाचा बटलर आहे. स्टार्कांच्या चाकरीत त्याचे आयुष्य गेले आहे. नशेत टोनी त्याच्यावर नको तसा ओरडतो. जार्व्हिस आरडाओरडा करीत नाही, उलट उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपला राजीनामा लिहून देतो. मालक कोट्यधीश असो, जगाचा रक्षक असो, माझा अपमान करण्याचा हक्क त्याला नाही, हे एका घरकाम करणाऱ्या माणसाने एका कागदावर सांगितले.

पुढे कळते की जार्व्हिसची आई आजारी होती. तिच्या उपचारासाठी त्याने कर्ज काढले आणि जवळचे कंपनीचे दोन समभाग तारण ठेवले. जगातली अद्भुत यंत्रे बनवणाऱ्या मालकाच्या घरात राबणाऱ्या माणसाला आईच्या औषधासाठी सावकाराचे दार गाठावे लागले होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

टोनीला सावरणारी बेथनी केब ही सुरक्षेचे काम करणारी बाई आहे. तिच्या नवऱ्याला गोळ्यांचे व्यसन होते, म्हणून व्यसनी माणूस काय काय बहाणे करतो ते ती ओळखते. ती टोनीला उपदेश करीत नाही, त्याच्याजवळ बसते. मग टोनीला जार्व्हिसकडे जावे लागते. उडणारे चिलखत त्या वेळी काही कामाचे नसते. समोर उभे राहून माझे चुकले, असे म्हणावे लागते. त्यानंतर बाटली समोर असताना तिच्याकडे पाठ फिरवावी लागते. ही लढाई दोन पानांत संपते. पण साऱ्या मालिकेत ती सर्वात कठीण आहे.

रस्त्यावरचा मालक

ही कथा इथे संपली असती तर ती एक गोड बोधकथा झाली असती. पण व्यसन असे एका अंकात सुटत नाही, हे पुढच्या लेखकाला ठाऊक होते. डेनी ओनील यांनी १९८० च्या दशकात टोनीला पुन्हा पिताना दाखवले. या वेळी तो खरोखर तळाला गेला. ओबेडाया स्टेन नावाच्या धूर्त उद्योगपतीने त्याची कंपनी गिळली, घर गेले आणि टोनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झोपू लागला.

अशा वेळी आयर्न मॅनचे चिलखत कोणी चढवले? जेम्स ऱ्होड्स या कृष्णवर्णीय वैमानिकाने. तो टोनीच्या नोकरीत होता. १९८३ ते १९८५ या काळात ऱ्होड्सच आयर्न मॅन होता. मालक गटारात पडलेला असताना त्याची जबाबदारी एका कामगाराने पेलली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना नायकाच्या जागा सहज मिळत नसत. त्या काळात मासिकाच्या मुखपृष्ठावरचा आयर्न मॅन दोन वर्षे काळा माणूस होता, ही लहान गोष्ट नव्हती.

१९८४ च्या एका अंकात टोनी बर्फाच्या वादळात सापडतो. सोबत ग्रेटल नावाची बेघर, गरोदर बाई आहे. तिलाही दारूचे व्यसन आहे. त्या थंडीत ती बाळंत होते आणि मरते. टोनी आपल्या फाटक्या कोटात बाळाला छातीशी धरून रात्र काढतो. बाळ जगते. त्या रात्रीनंतर टोनी दारू सोडतो. त्याच्याजवळ चिलखत नाही, पैसा नाही, नाव नाही. एका जिवाला ऊब देणारे अंग तेवढे आहे. साऱ्या मालिकेत तो याहून मोठा नायक कधी झाला नाही, असे आम्हाला वाटते.

पुढे छापील कथांनी हा धागा सोडला नाही. टोनी व्यसनमुक्तांच्या बैठकींना जाऊ लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅरॉल डॅनव्हर्स ही नायिका दारूच्या आहारी गेलेली दाखवली, तेव्हा तिच्या मागे धावणारा आणि तिला सावरू पाहणारा टोनीच होता. ज्याने ठेच खाल्ली त्याला वाटेवरचा दगड दिसतो.

दारूगोळा पडद्यावर

आता चित्रपटाकडे वळू. मार्व्हल ही चित्रकथांची कंपनी १९९६ साली दिवाळखोरीत गेली होती. स्पायडरमॅनसारखे तिचे लोकप्रिय नायक इतर चित्रपट कंपन्यांच्या हाती होते. स्वतः चित्रपट काढायचे ठरले तेव्हा मार्व्हलच्या हाती उरलेल्या पात्रांत आयर्न मॅन होता. २००८ साली जॉन फॅव्हरो दिग्दर्शित 'आयर्न मॅन' आला. मुख्य भूमिकेसाठी रॉबर्ट डाउनी ज्युनियर निवडला गेला. हा गुणी नट अंमली पदार्थांच्या व्यसनापायी तुरुंगात जाऊन आला होता. २००३ पासून तो व्यसनापासून दूर होता, तरी त्याच्यावर पैसा लावायला लोक बिचकत. फॅव्हरो हट्टाला पेटले म्हणून त्याला काम मिळाले. म्हणजे बाटलीची कथा सांगायला याहून योग्य माणूस सापडला नसता. पण कंपनीने कथा दुसरीच सांगितली.

व्हिएतनामच्या जागी अफगाणिस्तान आले. लष्करी अधिकाऱ्यांपुढे नव्या क्षेपणास्त्राची जाहिरात करून टोनी परतत असताना त्याच्या ताफ्यावर हल्ला होतो. समोर एक गोळा येऊन पडतो आणि त्यावर त्याच्याच कंपनीचे नाव असते. त्याच गोळ्याचे तुकडे त्याच्या छातीत घुसतात. १९६३ च्या कथेत नसलेला हा तपशील साऱ्या चित्रपटाचा कणा आहे. आपण विकलेली वस्तू आपल्याच काळजात येऊन रुतते. यिन्सेन इथेही आहे, पण आता त्याला गाव आहे, मेलेले कुटुंब आहे. मरताना तो टोनीला सांगतो की मिळालेले आयुष्य फुकट घालवू नकोस.

टोनी घरी परततो आणि पत्रकारांपुढे जमिनीवर बसून जाहीर करतो की यापुढे आपला कारखाना शस्त्रे बनवणार नाही. हा प्रसंग छापील कथेच्या सुरुवातीला नव्हता, आणि इथे चित्रपट पुस्तकाच्या पुढे गेला, हे मान्य केले पाहिजे. धंदा चालू ठेवून पश्चात्ताप करता येत नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. शेवटी टोनी अंगरक्षकाची जुनी थापही मोडून काढतो आणि आयर्न मॅन मीच, असे सर्वांपुढे कबूल करतो. लपवाछपवी संपली.

२०१३ च्या तिसऱ्या चित्रपटाने मँडरिनचे बुजगावणेही उघडे पाडले. 'गांधी' चित्रपटामुळे आपल्या ओळखीचे असलेले बेन किंग्जली यांनी ती भूमिका केली. हा भयंकर दहशतवादी मुळात भाड्याने आणलेला दारुडा नट आहे आणि खरा गुन्हेगार त्याच्यामागे लपलेला गोरा उद्योगपती आहे, असे त्या चित्रपटात उघड होते. भीती विकून धंदा करणाऱ्यांवर तो चांगलाच टोला होता.

बाटली कुठे गेली?

मग पिण्याच्या दारूचे काय झाले? पडद्यावरच्या टोनीच्या हातात पेला पुष्कळदा असतो. पण ते व्यसन आहे असे कोणी म्हणत नाही. ती श्रीमंत माणसाची ऐट म्हणून दाखवली जाते आणि प्रेक्षक हसतात. २०१० च्या दुसऱ्या चित्रपटात एकदाच ती गंभीर होते. वाढदिवसाच्या मेजवानीत टोनी चिलखत घालून झिंगतो, पाहुण्यांच्या गर्दीत बाटल्या उडवतो. ऱ्होड्सला दुसरे चिलखत घालून त्याला आवरावे लागते.

पण टोनी का पितो? त्याच्या छातीतल्या यंत्राच्या धातूने रक्तात विष भिनते आहे आणि तो मरणार आहे म्हणून. मग तो नवा पदार्थ शोधतो, विष उतरते आणि त्याबरोबर दारूही उतरते. प्रयोगशाळेत उपाय सापडला, आजार गेला. खरे व्यसन असे जात असते तर किती संसार वाचले असते! तिसऱ्या चित्रपटात टोनीला झोप येत नाही, धडधड होते, श्वास कोंडतो. मनाचा आजार लोखंडी माणसालाही होतो हे त्यात चांगले दाखवले आहे. पण बाटली नाही. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की दारूच्या व्यसनाची कथा कंपनीला नको होती.

कारण समजण्यासारखे आहे. ज्या नायकाची खेळणी विकायची त्याला ओकारी काढताना कसे दाखवणार? शस्त्रांचा दोष मोठा आहे, पण तो पडद्यावर देखणा दिसतो. त्यात स्फोट आहेत, आकाश आहे, संगीत आहे. दारूचा दोष स्वयंपाकघरात घडतो. त्यात फुटलेले ताट असते, रिकामे पगाराचे पाकीट असते, कोपऱ्यात बसलेले पोर असते.

राजीनामा न देणारा जार्व्हिस

चित्रपटांनी केलेला आणखी एक बदल वरकरणी गमतीचा वाटतो. पुस्तकातला जार्व्हिस हाडामांसाचा माणूस होता. चित्रपटात जार्व्हिस हा टोनीच्या घरातला संगणक आहे. पॉल बेटनी या नटाचा मऊ आवाज त्याला दिला आहे. तो दारे उघडतो, चिलखत जुळवतो, मालकाच्या टोमण्यांना विनोदाने उत्तर देतो. मुलांना तो फार आवडतो.

पण या जार्व्हिसची आई आजारी पडत नाही. त्याला सावकार माहीत नाही. त्याचा अपमान होत नाही आणि म्हणून तो राजीनामा देत नाही. २०१५ साली तो आवाज गेला तेव्हा फ्रायडे नावाचा दुसरा आवाज त्या जागी आला. टोनीने ज्या माणसापुढे मान खाली घालून क्षमा मागितली होती, तो माणूसच कथेतून काढून टाकला गेला. माणूस गेल्यावर क्षमा कोणाची मागणार? दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, साहेबांच्या गाड्या चालवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना आणि भावांना या बदलाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हिशेब मागणारे

दारूगोळ्याने घायाळ झालेल्यांचे काय? त्यांना चित्रपटांनी विसरून टाकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये सोकोव्हिया या काल्पनिक देशातली वांडा आणि पिएत्रो ही जुळी भावंडे आहेत. दहा वर्षांची असताना त्यांच्या घरावर गोळा पडला आणि आईवडील गेले. दुसरा गोळा समोर येऊन पडला, पण फुटला नाही. ढिगाऱ्याखाली दोन दिवस ती पोरे त्या गोळ्याकडे पाहत पडून होती. त्यावर स्टार्क हे नाव होते. पुस्तकात या भावंडांची कथा अगदी वेगळी आहे. हा प्रसंग चित्रपटाने स्वतः घडवला, आणि शस्त्राच्या कारखान्याचा दुसरा दरवाजा कुठे उघडतो ते त्याने दाखवले.

त्याच चित्रपटात अल्ट्रॉन हा यंत्रराक्षस टोनी बनवतो. पुस्तकात तो हँक पिम या दुसऱ्या शास्त्रज्ञाने बनवला होता. म्हणजे दुसऱ्याचा अपराधही टोनीच्या खात्यावर टाकला गेला. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये एक कृष्णवर्णीय आई त्याला गाठते. तिचा मुलगा सोकोव्हियात गरिबांसाठी घरे बांधायला गेला होता आणि टोनीच्या लढाईत मेला. ती त्याच्या हातात मुलाचा फोटो देते. तिच्यापुढे टोनीला शब्द सापडत नाही. सगळ्या चित्रपटांतले हे आम्हाला सर्वात खरे मिनिट वाटते.

पण अशी माणसे पुढे काय होतात ते मोजून पाहा. २०१० च्या चित्रपटातला इव्हान वांको हा टोनीच्या वडिलांनी देशाबाहेर घालवलेल्या सहकाऱ्याचा मुलगा आहे. तो खलनायक. २०१३ मधल्या किलियनला टोनीने एका रात्री गच्चीवर ताटकळत ठेवून त्याची थट्टा केली होती. तो खलनायक. 'सिव्हिल वॉर'मधल्या झीमोचे कुटुंब सोकोव्हियात संपले. तो खलनायक. २०१९ च्या 'स्पायडरमॅन : फार फ्रॉम होम'मध्ये टोनीचे जुने नोकर एकत्र येतात. कोणाच्या शोधाचे श्रेय मालकाने घेतले, कोणाचा कारखान्यात पाणउतारा झाला. तेही खलनायक. वांडा आणि पिएत्रोलाही आधी शत्रूच्या गोटात जावे लागते, मगच त्यांना नायकांत जागा मिळते.

यातला सर्वात बोलका आहे २०१७ च्या 'स्पायडरमॅन : होमकमिंग'मधला एड्रियन टूम्स. मायकेल कीटन यांनी ही भूमिका केली आहे. हा माणूस पाडापाडीचा आणि मलबा उचलण्याचा ठेका घेतो. नायकांच्या लढाईत न्यूयॉर्कची जी नासधूस झाली तिचा ढिगारा उपसायचे काम त्याला मिळालेले असते. त्यासाठी त्याने नव्या गाड्या घेतल्या, माणसे कामाला लावली. एके दिवशी सरकार आणि स्टार्क यांनी मिळून काढलेली संस्था येते आणि त्याचा ठेका काढून घेते. ज्याने मोडतोड केली त्यालाच सफाईचाही धंदा मिळाला. टूम्स मग चोरीच्या मालाची शस्त्रे विकू लागतो. तो स्पायडरमॅनला विचारतो की स्टार्कने तो उंच मनोरा कोणत्या पैशावर बांधला? शस्त्रांच्याच ना?

प्रश्न बिनतोड आहे. चित्रपट त्याला उत्तर देत नाही, टूम्सला तुरुंगात पाठवतो. शस्त्रे विकणे वाईटच, टूम्सने विकली तरी वाईटच. पण एकाच व्यापारात एक जण नायक होतो आणि दुसरा कैदी, यातला फरक कशाचा आहे याचा विचार मुलांनी केला पाहिजे. २००८ च्या चित्रपटातही हीच युक्ती होती. शत्रूला चोरून माल विकणारा ओबेडाया स्टेन ठरतो, त्यामुळे टोनीचा दोष अर्धा होऊन जातो. जणू तोच गोळा योग्य गिऱ्हाइकाला विकला असता तर कोणाच्या घरावर पडलाच नसता!

मरून फेडणे, जगून फेडणे

'एंडगेम'मध्ये टोनी साऱ्या विश्वाला वाचवून मरतो. घरी लहान मुलगी आहे, बायको आहे, हे ठाऊक असून तो हात पुढे करतो. हा प्रसंग आमच्याही मनाला भिडला. यिन्सेनने दिलेल्या आयुष्याचे टोनीने चीज केले, हे कबूल केले पाहिजे. डाउनी यांच्या अभिनयाने ११ वर्षांची ही वाट खरी वाटली.

तरीही दोन्ही रूपे शेजारी ठेवली की आमचा कौल एका बाबतीत पुस्तकाकडे झुकतो. चित्रपटाने दोष मोठा केला, त्याला समाजाशी जोडले, ही त्याची कमाई. एका माणसाच्या घशापेक्षा एका कारखान्याचा माल जास्त माणसे मारतो, हे त्याने सांगितले. पण भरपाई करायची वेळ आली तेव्हा त्याने विश्वाला वाचवण्याचा मार्ग निवडला. विश्व वाचवताना एकाही माणसाच्या दारात जावे लागत नाही. त्या आईच्या घरी टोनी गेला का? टूम्सच्या कामगारांना पुन्हा काम मिळाले का? पुस्तकातल्या टोनीला मात्र जार्व्हिसपुढे उभे राहावे लागले, ग्रेटलच्या बाळाला ऊब द्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा न पिण्याचे ठरवावे लागले. तिसऱ्या दिवशीही. मरून फेडण्यात एक क्षण जातो. जगून फेडण्यात उरलेले आयुष्य जाते.

आपल्या वस्त्यांत दारू सोडलेली माणसे आहेत. त्यांच्यासाठी कोणी संगीत वाजवत नाही. कामावरून सुटल्यावर गुत्त्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने ती घरी येतात, पगार बायकोच्या हातात देतात, जुनी देणी थोडी थोडी फेडतात. ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याकडे नजर वर करून पाहायलाही त्यांना वर्ष-वर्ष लागते. १९७९ च्या त्या मुखपृष्ठावरचा आरसा या माणसांनी खरोखर पाहिलेला असतो. त्यांच्या मुलांना घरातला हा लोखंडी माणूस दिसायला हवा.

म्हणून मुलांना हे चित्रपट पाहू नका, असे आम्ही म्हणणार नाही. पाहू द्या, आणि जमल्यास शेजारी बसून तुम्हीही पाहा. मात्र चित्रपट संपल्यावर त्यांना एवढे विचारा, टोनीने माफी कोणाकोणाची मागितली? मुले बोटांवर मोजू लागतील. ती मोजत असताना त्यांना जार्व्हिसची गोष्ट सांगा. पुस्तकातल्या त्या माणसाने एकदा राजीनामा दिला होता, हे त्यांना चित्रपटातून कळणार नाही.